नानांचं कच्चं बोलणं

सोमवार, ४ मार्च २०१९

दरबार, म्हणे! सकाळच्या बैठकीत आमचे संचालक डॉ. ओफोसु-ट्वुम यांनी हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी वहीच्या कडेला रेघा ओढत होते, म्हणून आकडा पक्का. ९ एप्रिलला राजधानीतून मान्यता समिती येणार आहे. विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीची मान्यता संपत आली आहे. समितीच्या अर्जात सातवा रकाना असा — 'गुणवत्तेच्या कामात हितधारकांना कसं सामील करून घेतलंत?' गेल्या खेपेला आम्ही तिथे लिहिलं होतं, 'उत्तम'. एवढंच. या खेपेला त्यांनी पुरावा मागितला आहे.

तर पुरावा म्हणजे दरबार. मंडप, चारशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ढोल, छत्रीखाली नाना (म्हणजे आमचे गावचे राजे), पाद्री, इमाम, थंड बाटल्या, हजेरीपट, फोटो. 'फोटोत बायका दिसल्या पाहिजेत,' डॉक्टर म्हणाले — माझ्याकडे बघून.

मी हात वर केला. म्हटलं, 'सर, प्रश्न कोणते विचारायचे?'

'कुणाला?'

'हितधारकांना.'

खोलीत हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, 'यंग लेडी, दरबारात प्रश्न विचारत नाहीत. दरबारात आभार मानतात. तू इतिवृत्त लिही. अक्षर चांगलं आहे तुझं.'

दीड वर्ष झालं मला या गुणवत्ता हमी कक्षात. याच विद्यापीठात शिकले, याच विद्युत विभागात. आमच्या घरातली पहिली पदवी. आणि इथे माझी गुणवत्ता काय, तर अक्षर!

हितधारक! आमच्या ट्वी भाषेत याला धड शब्द नाही. टंकलेखक बेदियाको म्हणतो, 'ज्यांना फुकटची बाटली मिळते ते.' मी माझ्यापुरता शब्द केला: ज्यांना झळ लागते ते.

बुधवार, ६ मार्च

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. कचेरी बंद. निमंत्रितांची यादी पुरी केली — कारखानदार, कारागीर, दुकानदार, पालक. चौतीस नावं. पत्रं पाठवणार नाही. स्वतः जाऊन बोलावणार.

गुरुवार, ७ मार्च

मॅडम बिरागोंनी मला त्यांच्या बर्फाच्या कारखान्याच्या दारातच उभं ठेवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या दुमासे गावात भांडायला आलेल्या माणसालाही आधी पाणी देतात!

'विद्यापीठाची ना? मग तिथूनच बोल. आत आलीस तर आणखी काही जाळशील.'

मग उभ्या-उभ्याच सगळं ऐकलं. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या विभागातली मान्सा नावाची मुलगी त्यांच्याकडे इंटर्नशिपला आली. आठ आठवडे काम करायचं होतं. तिसऱ्या दिवशी तिने मेन बंद न करता पॅनेल उघडलं.

'मी ओरडले, अगं मेन! तर ती वळून म्हणते कशी, "मॅडम, कॉलेजात असंच उघडतो." आणि हात घातला! कॉलेजात असंच उघडता, कारण तुमचा बोर्ड मेलेला! तीन वर्षं शिकली पोरगी, आणि जिवंत तार कशी असते ते माझ्या कारखान्यात कळलं तिला!'

खरं आहे. प्रयोगशाळेतल्या त्या बोर्डात मी शिकत असतानाही वीज नव्हती. आम्ही फळ्यावर काढलेल्या तारा जोडायचो.

पुढचं मला माहीत नव्हतं. विद्यापीठाने चौकशी केली, ठरवलं — विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. मग ऑक्टोबरमध्ये विभागाचा माणूस मान्साची कामाची वही घेऊन शिक्का मागायला आला. वहीत आठही आठवडे भरलेले. प्रत्येक आठवड्याखाली पर्यवेक्षकाची सही आणि 'काम समाधानकारक'.

'समाधानकारक! पोरीच्या हाताची सालपटं निघत होती इस्पितळात, तेव्हा ती माझ्याकडे समाधानकारक काम करत होती! मी शिक्का त्याच्या अंगावर फेकला.'

'पण त्या वर्षीच्या सगळ्या वह्या तर मंजूर झाल्या.'

'दुसरा शिक्का करायला किती वेळ लागतो गं? आणि एकीची नाही, सगळ्यांच्या वह्या अशाच येतात. भरलेल्या.'

जूनमध्ये पुढची तुकडी इंटर्नशिपला बाहेर पडणार. बासष्ट मुलं. बासष्ट जण जिवंत पॅनेलसमोर उभे राहणार! हे समितीच्या अहवालात जायलाच हवं. गेलं नाही तर मी इथे बसून करते काय?

मॅडमना म्हटलं, 'दरबारात या. हेच बोला. इतिवृत्त मी लिहिणार आहे.'

'तू?' त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'बरं. येते. माझा एक दिवस फुकट.'

शनिवार, ९ मार्च

दिवसभर आईच्या पावाच्या भट्टीवर. आजापोंग मामा आला होता. मामा म्हणजे नानांचा ओच्यामे — नानांचं तोंड. नाना लोकांशी थेट कधीच बोलत नाहीत. ओठातल्या ओठात पुटपुटतात, आणि मामा सोन्याच्या मुठीची काठी टेकून ते मोठ्याने सांगतो. बाबा गेल्यापासून आमचं घरही मामाच बोलतो. माझ्या प्रवेशअर्जावर सही त्याचीच होती.

'काय मॅडम क्वालिटी! आज पावाची तपासणी का?'

आई म्हणाली, 'तिला चढवू नकोस. परवा मला सांगत होती, प्रत्येक घाण्याची नोंद ठेव. म्हटलं, पाव करपला की गिऱ्हाईकच नोंद ठेवतं बाई!'

मी मामाला विचारलं, 'नाना बोलतात ते तू जसंच्या तसं सांगतोस?'

'छे! नानांचं बोलणं कच्चं येतं. कच्चं वाढलं तर लोकांची पोटं बिघडतील. मी शिजवतो, मीठ घालतो, मग वाढतो.'

'आणि चवच बदलली तर?'

'तर लोक म्हणतात, नाना आज गोड बोलले. त्यात कुणाचं काय गेलं?' आणि गरम पाव तोडून तोंडात टाकला.

शुक्रवार, १५ मार्च

दरबार झाला. आधी ठळक तेवढं.

इतिवृत्तासाठी मला नानांच्या मागे, डाव्या बाजूला स्टूल दिलं होतं. मामा नानांच्या पुढ्यात. नानांचं पुटपुटणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. अशी जागा मला कुणी मुद्दाम दिली नाही. सावली तिथेच उरली होती.

दोन तास आभार. कुलगुरूंचे, नानांचे, पुन्हा कुलगुरूंचे. मग मॅडम बिरागो उठल्या. बोलायला बोलावलं नव्हतं, सरळ माईक हिसकावला. मान्साचं सगळं सांगितलं — बोर्ड, वही, शिक्का. तिसऱ्या वाक्याला माईक बंद पडला. पाडला! त्या माईकशिवाय ओरडल्या. मागच्या रांगांतून बायका 'हो! हो!' म्हणत होत्या. बोलणं मान्साच्या हातावर आलं तेव्हा आमच्या लोकांनी ढोल वाजवायला लावले.

ढोल थांबल्यावर नाना मामाकडे झुकले. मी ऐकलं. शब्द न् शब्द असा:

'यांना सांग, मी जमीन दिली ती पोरं शिकवायला, भाजायला नाही. ज्याने त्या वहीत खोटं लिहिलं त्याला माझ्यासमोर आणा. तोवर माझ्या दाराशी येऊ नका.'

मामा उठला. काठी टेकली. घसा साफ केला.

'नाना म्हणतात — विद्यापीठ हे या गावाचं लेकरू आहे. लेकरू चालताना अडखळतं, थोरांनी हात धरावा. नानांचा आशीर्वाद आहे.'

टाळ्या! डॉक्टरांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. मॅडम बिरागो उठून चालायला लागल्या. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच माईक बंद केला होता.

मी इतिवृत्तात नानांचं लिहिलं. मामाचं नाही.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. 'नाना असं म्हणाले?'

'हो सर.'

'कुणी ऐकलं?'

'मी ऐकलं.'

'तू ऐकलंस!' खुर्चीतून उठले. 'कुठल्या गावात वाढलीस तू? या गावात नानांना कुणी ऐकत नाही! ओच्यामे सांगतो तेच नानांचं बोलणं. त्याच्या आधी जे होतं तो नुसता श्वास! श्वासाचं इतिवृत्त लिहितेस?'

म्हटलं, 'सर, मॅडम बिरागो तर सगळ्यांसमोर बोलल्या. ते तरी राहू द्या.'

'त्यांचं नाव यादीत हितधारक म्हणून आहे. तक्रारदार म्हणून नाही. तक्रारीचा विभाग वेगळा.' मग आवाज उतरवून म्हणाले, 'तुझ्यासारख्या मुलींना वाटतं, गुणवत्ता म्हणजे चहाड्या. नीट करून आण. उद्या दुपारपर्यंत.'

बाहेर बेदियाको टंकयंत्र पुसत होता. हळूच म्हणाला, 'दुफी, चूक तुझीच आहे. कान घेऊन कशाला गेलीस?'

सगळ्यात राग याचा येतो, की रिवाजाने डॉक्टरांचं बरोबर आहे.

मंगळवार, १९ मार्च

केलं नाही. कागद तसाच परत दिला.

संध्याकाळी मामा आला. बसला नाही.

'तू माझ्या तोंडाला खोटं ठरवलंस.'

'मी नाना म्हणाले ते—'

'नाना म्हणाले ते माझ्यापाशी म्हणाले! नवरा-बायको आतल्या खोलीत बोलतात, ते तू दाराला कान लावून लिहून घेतेस? वर विद्यापीठाचा शिक्का मारतेस? नानांच्या वाड्यावर माहीत झालं आहे. दंड म्हणून मेंढी द्यावी लागेल. माझी बत्तीस वर्षांची काठी जाईल ती वेगळीच!'

मी म्हटलं, 'मामा, त्या मुलीचा हात गेला आहे.'

'दुमासेत रोज कुणाचं ना कुणाचं काही जातं. सगळं कच्चं बोललो असतो तर आज या गावात दोन माणसं एका बाकावर बसली नसती. शिकलीस ना? एवढंही कळत नाही?'

तो गेल्यावर आईने माझं ताट वाढून झाकून ठेवलं. मला हाक मारली नाही.

शुक्रवार, २२ मार्च

बदली. गुणवत्ता कक्षातून भांडारात. खडू, झाडू, मोडके पंखे. खिडकी नाही. इतिवृत्त बेदियाकोने नवं टंकित केलं — लेकरू, हात, आशीर्वाद. खाली छापलं आहे: इतिवृत्तलेखन — अफिया दुफी. सही केली नाही, तरी नाव माझंच!

बुधवार, २७ मार्च

ठरवलं, नानांचं बोलणं नको तर नको. मान्साची खोटी वहीच समितीपुढे ठेवू; पदवी होईपर्यंत वही विद्यार्थ्याकडेच असते. वहीला ओच्यामे लागत नाही.

मान्सा मुलींच्या वसतिगृहात भेटली. उजव्या हाताला सुती कापड गुंडाळलेलं. डाव्या हाताने कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. जोरात सांगितलं बहुतेक. न्याय वगैरे म्हणाले.

ती ऐकून घेऊन म्हणाली, 'दरबाराला कोण कोण होतं, ताई?'

मी सांगायला लागले. कारखानदार, पालक, पाद्री, इमाम...

'आणि मी?'

तिने पुढचा कपडा झटकला.

'बर्फवालीला विचारलंत. नानांना विचारलंत. माझा हात सगळ्या गावापुढे मांडलात, ढोल वाजवून. मी इथेच होते. याच खोलीत. चालत दहा मिनिटं. कुणी आलं नाही.'

'मान्सा, मी तुझ्यासाठीच—'

'माझ्यासाठी? ती वही खोटी ठरली तर माझी इंटर्नशिप रद्द. मेमध्ये पदवी मिळणार नाही. या हाताने पुन्हा आठ आठवडे पॅनेल कोण उघडू देईल मला? तुम्हाला अहवाल मिळेल. मला काय? नाही देत वही. जा.'

कपड्याला चिमटा लावायला तिने तो दातात धरला. मी पुढे होऊन लावणार होते. तिने असं पाहिलं की मागे सरले.

चौतीस नावं! माझ्या यादीत चौतीस नावं होती, आणि एकही विद्यार्थी नव्हता. ज्यांना झळ लागते ते, म्हणे. मोठी आली शब्द करणारी!

शनिवार, ३० मार्च

कुणाशीही बोलले नाही. कुणी बोललंही नाही.

मंगळवार, २ एप्रिल

बेदियाकोने भांडाराच्या दारात उभं राहून बातमी दिली. डॉक्टर शुक्रवारी वाड्यावर गेले होते, उंची जिनच्या दोन बाटल्या घेऊन. नव्या सभागृहाला नानांचं नाव देणार. 'आता नाना कच्चेसुद्धा गोडच बोलतील,' म्हणाला आणि खडूचा एक खोका मागून घेऊन गेला.

मला ९ तारखेला बसायला सांगितलं आहे. इतिवृत्तावर माझं नाव आहे, समिती मला पाहणारच. डॉक्टरांचा निरोप असा: 'तू बसशील, लिहिशील. ऐकणार नाहीस.'

शनिवार, ६ एप्रिल

आई आज बोलली! अठरा दिवसांनी. पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता.

'सकाळी एक पोरगी आली पाव घ्यायला. मामा इथेच बसला होता. पोरीने नाणं पुढे केलं ते डाव्या हाताने. मामा कडाडला तिच्यावर — वडीलधाऱ्यांपुढे डावा हात? आईने शिकवलं नाही? कुणाची गं तू? उजव्या हातावरचं कापड सोडलं तिने. दुफी, बोटं एकमेकांना चिकटली आहेत गं. बदकाच्या पायासारखी.'

'मग?'

'मग काय. मामाने पाव घेतला, तिच्या डाव्या हातात दिला. स्वतःच्या डाव्या हाताने.'

मी आईकडे बघत राहिले. मामाला मी डाव्या हाताने माशी हाकलतानाही पाहिलेलं नाही.

'ती गेली तरी तसाच बसला होता. कॉफी निवून गेली त्याची.' आईने पिठाचा गोळा आपटला. 'तुझी ती हीच पोरगी का?'

म्हटलं, 'हो.'

'मग आधी सांगायचंस ना असं. हात गेला, हात गेला — गेला म्हणजे काय ते कुणाला कळणार?'

मंगळवार, ९ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते. शिजवणार नाही.

समितीत तिघे. अध्यक्षबाई किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या, किनाऱ्याकडच्या. ट्वी चांगली बोलत होत्या. नाना आले. मी त्यांच्या मागे, मामा पुढे. मॅडम बिरागोंचं नाव यादीतून काढलेलं. फाटकापाशी रखवालदाराशी त्यांचं भांडण चालू होतं ते आत ऐकू येत होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, 'नाना, हे विद्यापीठ आपली मुलं नीट शिकवतं, असं गावाला वाटतं का?'

नाना झुकले. मी ऐकायचं नव्हतं. ऐकलं.

'सांग, चांगलं चाललंय. आणि सभागृहाचं लवकर बघा म्हणावं.'

मामा उठला. काठी टेकली. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि मानेवर घाम.

'नाना म्हणतात — मी जमीन दिली ती पोरं शिकवायला, भाजायला नाही. ज्याने त्या पोरीच्या वहीत खोटं लिहिलं त्याला माझ्यासमोर आणा. तोवर माझ्या दाराशी येऊ नका.'

एक शब्द इकडचा तिकडे नाही!

नानांनी मान वळवली. नाना मान वळवत नाहीत, लोक त्यांच्यासमोर येतात. आज वळवली. मामाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर उभे राहिले. 'हे — हे नाना बोललेच नाहीत!'

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'तुम्ही ऐकलंत?'

'मी नाही, पण— ही! ही मागे बसली होती. हिला विचारा. हिला ऐकू येतं!'

सगळी खोली माझ्याकडे वळली. मामाची पाठ तशीच. मला वाटलं होतं, अशा वेळी खूप विचार येत असतील. काही आलं नाही.

म्हटलं, 'या गावात नानांना कुणी ऐकत नाही, मॅडम. ओच्यामे सांगतो तेच नानांचं बोलणं. त्याच्या आधीचा नुसता श्वास. मला हे आमच्या संचालकांनीच शिकवलं.'

डॉक्टर खाली बसले. अध्यक्षबाई नानांकडे बघत थांबल्या. परक्यांपुढे स्वतःचंच तोंड खोटं पाडायचं? नानांनी सावकाश होकारार्थी मान हलवली. एकदाच.

'कुठली वही?' अध्यक्षबाईंनी विचारलं.

विभागप्रमुख म्हणाले, अशी काही वही नाही. तेवढ्यात दार उघडलं. मान्सा. तिच्यामागे मॅडम बिरागो, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारा रखवालदार.

'मला कुणी बोलावलं नव्हतं,' मान्सा म्हणाली. डाव्या हाताने वही टेबलावर ठेवली. 'डाव्या हाताने देते आहे, माफ करा. पहिले अडीच दिवस माझे. पुढचं अक्षर कुणाचं आहे ते यांना विचारा.'

माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

दुपारी समितीने प्रयोगशाळेतला बोर्ड उघडायला लावला. आत कोळ्याची जाळी आणि २०११ सालचं वर्तमानपत्र. जाताना त्यांनी गेल्या सगळ्या वर्षांच्या वह्या मागून घेतल्या. पोत्यांत भरून गाडीत घातल्या.

आज मी इतिवृत्तात नानांनी न उच्चारलेलं नानांच्या नावावर लिहिलं. हे खोटं होतं का? विचार करते आहे. पण जून महिन्यात ती बासष्ट मुलं तशीच बाहेर पडणार नाहीत. आज मला दुसरं काही दिसत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

मामाची काठी काढून घेतली. वाड्यावर नवा ओच्यामे नेमला, तोंडाने तोतरा आहे म्हणे. मामा भट्टीसाठी लाकडं फोडतो आहे.

'बत्तीस वर्षं शिजवलं,' म्हणाला. 'एकदा कच्चं वाढलं तर स्वयंपाकघरातूनच हाकललं!' आणि हसला. मग कुऱ्हाड बाजूला ठेवून विचारलं, 'त्या पोरीने तुला माफ केलं का?'

'नाही.'

'करणारही नाही. बरोबर आहे तिचं.'

सोमवार, २० मे

समितीचं पत्र आलं. डॉक्टर रजेवर गेले आहेत, मला कक्षात परत घेतलं आहे, म्हणून पत्र आधी माझ्याच हाती पडलं. जिवंत बोर्ड बसेपर्यंत एकही विद्यार्थी बाहेर पाठवायचा नाही. मान्साने स्वतः सांगितलं, म्हणून तिला विद्यापीठाच्या देखरेखीखाली आठ आठवडे पुन्हा, आणि मग पदवी. २०१५ पासूनच्या ज्या वह्या खोट्या निघाल्या त्यांची यादी सोबत, त्या सगळ्या पदव्या स्थगित.

पान तिसरं, ओळ नववी. अफिया दुफी, पदवी २०१७. मी इंटर्नशिपच्या आठांतला एकच आठवडा गेले होते. बाकीचे सात वसतिगृहाच्या गच्चीवर एका दुपारी लिहून काढले, सुवाच्य अक्षरात. हे मी या वहीतही कधी लिहिलं नाही.

आईने विचारलं, 'काय आहे गं पत्रात?'

म्हटलं, 'तुझी पोरगी पदवीधर नाही.'

ती हसली. तिला चेष्टा वाटली.